उच्च क्षमतेच्या समांतर संगणनात संशोधन करायचंय? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बीई, बीएस्सी, एमसीए, एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. सी भाषेत फॉर-लूप आणि अ‍ॅरे लिहिता येतात, एवढंच गृहीत धरलं आहे.

समांतर संगणन म्हणजे काय, आणि त्यात संशोधन कशाचं करतात?

साधारण २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा वेग ३-४ गिगाहर्ट्झवर अडकला. त्यापुढे वेग वाढवला की चिप इतकी तापते की ती उष्णता बाहेर काढता येत नाही. म्हणून एका चिपवर अनेक कोअर आले. मग एकच काम त्या कोअरमध्ये कसं वाटायचं, वाटल्यावर त्यांनी एकमेकांची वाट न बघता ते कसं पुरं करायचं, हा प्रश्न उभा राहिला. हाच प्रश्न हजारो नोडच्या (एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या) पातळीवर सोडवायचा म्हणजे उच्च क्षमतेचं संगणन, एचपीसी.

संशोधन बऱ्याच थरांवर चालतं. कोणी गणिती पद्धतच अशी बदलतं की निरोपांची देवाणघेवाण कमी व्हावी. कोणी कंपायलरवर काम करतं, कोणी नोडमधल्या नेटवर्कवर, कोणी हवामान किंवा रेणूंच्या एखाद्या मोठ्या प्रोग्रामवर. थर कोणताही असला तरी दिवसातला मोठा वेळ मोजण्यात जातो: कुठे किती वेळ गेला, का गेला, बदल केल्यावर खरंच कमी झाला का. ज्याला मोजायचा कंटाळा आहे, त्याने हे क्षेत्र घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोअर दुप्पट केले तर वेळ निम्मा का होत नाही?

पहिलं कारण जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडलं. प्रोग्रामचा काही भाग एकामागून एकच चालतो. असा भाग ५ टक्के असेल तर ४ कोअरवर वेग जेमतेम ३.५ पट होतो, १६ वर ९.१ पट आणि ६४ वर १५.४ पट. कोअर कितीही वाढवा, २० पटीच्या वर वेग जाणार नाही.

दुसरं कारण सुरुवातीला कोणी सांगत नाही, पण रोज तेच आडवं येतं: मेमरी. केळीच्या बागेत कापणीला वीस माणसं लावली, पण घड ट्रकपर्यंत न्यायला बांधावरची वाट एकच असेल, तर सहाव्या-सातव्या माणसानंतर बाकीचे नुसते उभे राहतात. हिशोब करून बघा. ३ गिगाहर्ट्झचे ४ कोअर, प्रत्येक कोअर एका ठोक्याला दुहेरी अचूकतेच्या (८ बाइटच्या संख्यांच्या) १६ क्रिया करतो (एव्हीएक्स२ असलेल्या बऱ्याच चिपमध्ये एवढ्या होतात), म्हणजे सेकंदाला १९२ अब्ज क्रिया. आता मोठ्या अ‍ॅरेंवर 'अ = ब + स × क' एवढंच काम द्या (स ही एकच ठरलेली संख्या, बाकी तिन्ही अ‍ॅरे). दर घटकामागे २ क्रिया होतात आणि किमान २४ बाइट मेमरीतून ये-जा करतात. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमचे दोन चॅनल (मेमरीकडच्या दोन वाटा) मिळून सेकंदाला ५१.२ गिगाबाइट देतात. म्हणजे फार तर ४.३ अब्ज क्रिया, १९२ पैकी! अशा प्रोग्रामला आणखी कोअर देऊन काही उपयोग नाही.

यातून खरेदीचीही एक गोष्ट कळते. १६ जीबीची एकच रॅम-पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्या. एकाच पट्टीवर बहुधा एकच चॅनल चालतो आणि ५१.२ चे २५.६ होतात.

मग आपला प्रोग्राम कशामुळे अडलाय, हे ओळखायचं कसं?

कार्प आणि फ्लॅट यांचं सूत्र हाताशी ठेवा. प कोअरवर वेग व पट झाला असेल तर (१/व − १/प) भागिले (१ − १/प). ८ कोअरवर ४ पट वेग आला तर उत्तर ०.१४३ येतं, म्हणजे सुमारे १४ टक्के भाग एकेरी असल्यासारखा वागतोय. हेच २, ४, ८, १६ कोअरवर काढा. आकडा स्थिर राहिला तर खरंच एकेरी भाग आहे, तो शोधा. कोअरबरोबर आकडाही वाढत गेला तर दोष मेमरीच्या वाटेत, थ्रेडच्या (एकाच प्रोग्रामच्या समांतर धावणाऱ्या शाखांच्या) थांबण्यात किंवा असमान वाटपात आहे.

घरी साधा लॅपटॉप आहे. त्यावर सुरुवात होईल का?

होईल. ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि उबुंटू लिनक्स पुरे. जीसीसी हा कंपायलर, ओपनएमपीआय (वेगवेगळ्या प्रोसेसना एकमेकांना निरोप पाठवू देणारं एमपीआयचं ग्रंथालय), मेक, गिट आणि 'पर्फ' हे मोजणीचं साधन टाका. सगळं फुकट आहे. विंडोजच्या आत लिनक्स चालवून शिकता येतं, पण मोजणीसाठी लिनक्स थेट बसवलेलं बरं. ओपनएमपी, म्हणजे लूपचं काम थ्रेडमध्ये वाटायची सोय, जीसीसीतच असतं, वेगळं काही आणावं लागत नाही.

पहिला प्रयोग कोणता करावा?

दोन मॅट्रिक्सचा गुणाकार. जुना आहे, पण इतकं शिकवणारा दुसरा प्रयोग आम्हाला माहीत नाही.

४०९६ × ४०९६ च्या तीन मॅट्रिक्स घ्या. प्रत्येकीला सुमारे १३४ मेगाबाइट लागतात, तिन्ही मिळून ४०० च्या आसपास. एकूण क्रिया सुमारे १३७ अब्ज. आधी पुस्तकात असतात तसे तीन लूप आय-जे-के या क्रमाने लिहा आणि वेळ नोंदवा. मग फक्त आतले दोन लूप अदलाबदल करून आय-के-जे करा. गणित तेच, उत्तर तेच, पण वेळ अनेक पटींनी उतरतो. पहिल्या क्रमात दुसऱ्या मॅट्रिक्समधून आपण उभे खाली उतरतो, आणि सी भाषेत मेमरी आडवी मांडलेली असते. मेमरी ६४ बाइटची एक ओळ, म्हणजे ८ संख्या, एकदम आणते. उभं उतरताना आपण त्यातली एक वापरतो आणि सात टाकून देतो.

आता ४०९६ ऐवजी ४१०० घ्या. काम थोडं वाढलं, तरी आय-जे-के क्रमात वेळ बहुधा कमी झालेला दिसेल. उभ्या रांगेतल्या शेजारच्या दोन घटकांमध्ये ४०९६ × ८ = ३२,७६८ बाइटचं अंतर असतं, आणि कॅशच्या (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीच्या) रचनेत ते सगळे एकाच कप्प्यावर येऊन आदळतात. ८ जागांच्या कप्प्यात हजारो उमेदवार! ४१०० ने ते अंतर मोडतं आणि घटक वेगवेगळ्या कप्प्यांत पसरतात. हे एकदा स्वतःच्या मशीनवर बघितलं की कॅश म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

त्यानंतर बाहेरच्या लूपवर ओपनएमपीची ओळ टाका, १, २, ४ थ्रेडवर वेळ घ्या, आणि शेवटी ओपनब्लास या ग्रंथालयाशी तुलना करा. ते तुमच्यापेक्षा बरंच पुढे असेल. ते पुढे का आहे हे शोधण्यात दोन महिने गेले तरी सार्थकी लागतील.

एक खबरदारी घ्या: शेवटी निकालातला एखादा घटक छापाच. निकाल कुठेच वापरला नाही तर कंपायलर तो अख्खा लूप उडवून टाकतो आणि वेळ शून्य येते. दरवर्षी कोणीतरी तो शून्य घेऊन आनंदाने येतं.

थ्रेड वाढवल्यावर प्रोग्राम उलट मंदावला. असं का?

बहुतेक वेळा खोटी वाटणी, म्हणजे फॉल्स शेअरिंग. प्रत्येक थ्रेडने आपली बेरीज एका सामाईक अ‍ॅरेच्या स्वतःच्या खान्यात ठेवली की वरवर कोणी कोणाला अडवत नाही. पण ८ बाइटचे आठ खाने ६४ बाइटच्या एकाच कॅश-ओळीत बसतात. एका थ्रेडने आपला खाना बदलला की बाकी कोअरकडची ती अख्खी ओळ रद्द होते. ओळ या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते. बेरीज थ्रेडच्या स्थानिक चलात ठेवा किंवा ओपनएमपीचं रिडक्शन (थ्रेडच्या बेरजा शेवटी एकत्र करायची सोय) वापरा. कधी कधी -ओ२ हा वेग वाढवायचा पर्याय दिल्यावर कंपायलर स्वतःच बेरीज रजिस्टरमध्ये ठेवतो आणि दोष दिसेनासा होतो. दिसत नाही म्हणून तो गेला असं धरू नका.

दुसरं कारण असमान वाटप. कापसाच्या शेतात ओळी सारख्या वाटल्या तरी काही ओळींत बोंडं दाट असतात. त्या वेचणारी मागे राहते आणि बाकीच्या बांधावर थांबतात. लूपचे फेरे असे कमी-जास्त जड असतील तर ओपनएमपीत 'डायनॅमिक' वाटप द्या, पण एकेक फेरा न वाटता १६ किंवा ३२ चे गठ्ठे करा. नाहीतर वाटण्यातच वेळ जातो.

मे महिन्यात घेतलेले आकडे आणि जानेवारीतले आकडे जुळत नाहीत. चूक कुठे?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. खोलीच ४० अंशांवर असेल तर लॅपटॉप काही मिनिटांतच तिथे पोचतो. पहिली धाव ३.८ गिगाहर्ट्झवर, पाचवी २.४ वर. आणि आपण समजतो की प्रोग्राममधला बदल वाईट होता!

उपाय साधे आहेत, पण सगळे एकत्र करावे लागतात. मोजणी पहाटे करा. चार्जर लावून ठेवा, बॅटरीवर वेग आपोआप उतरतो. लॅपटॉप गादीवर नको, मागून उचलून ठेवा म्हणजे खालची जाळी मोकळी राहते. पॉवर गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी लिनक्सची सेटिंग) 'परफॉर्मन्स' वर ठेवा. प्रत्येक मोजणी किमान दहा वेळा घ्या, पहिली सोडून द्या, मध्यक आणि सर्वात कमी-जास्त वेळ तिन्ही लिहा. सरासरी एकटी लिहू नका. प्रत्येक धावेसोबत तापमान आणि कोअरचा वेग नोंदवा. आणि जुनी आवृत्ती दहा वेळा, मग नवी दहा वेळा असं करण्याऐवजी एक जुनी, एक नवी, एक जुनी अशी आलटून पालटून चालवा, म्हणजे तापल्याचा फटका दोन्हींना सारखा बसतो.

वीज जाते. आठ तासांची धाव अर्ध्यात मेली तर?

चेकपॉइंट घ्या, म्हणजे मधूनमधून प्रोग्रामची स्थिती डिस्कवर लिहा. किती वेळाने लिहायची, याचं सूत्र जॉन यंग यांनी १९७४ मध्ये दिलं: २ × लिहायला लागणारा वेळ × दोन व्यत्ययांमधला सरासरी काळ, याचं वर्गमूळ. लिहायला १ मिनिट लागतं आणि वीज सरासरी ८ तासांनी जाते, तर √(२ × १ × ४८०) म्हणजे सुमारे ३१ मिनिटं. अर्ध्या तासाला एकदा लिहा. हेच सूत्र हजारो नोडच्या यंत्रांवरही लागतं. तिथे वीज टिकते, पण इतक्या नोडमधला एखादा कधीही पडतो.

जुन्या फाइलवरच नवी स्थिती लिहू नका. लिहितानाच वीज गेली तर जुनी गेली आणि नवी अर्धवट राहिली. वेगळ्या नावाने पूर्ण लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मग नाव बदला. आणि चेकपॉइंटवरून पुन्हा सुरू करून एकदा तरी बघा. न तपासलेला चेकपॉइंट ऐन वेळी दगा देतो.

दर वेळी उत्तराचे शेवटचे अंक बदलतात. हे चालतं का?

आधी कारण शोधा. दशांश संख्यांची बेरीज संगणकात क्रमावर अवलंबून असते. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर ०.६०००००००००००००१ येतं, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले तर ०.६. थ्रेड कोणत्या क्रमाने संपतील ते ठरलेलं नसतं, म्हणून शेवटचा अंक हलतो. एवढाच फरक असेल तर चालतं, मात्र किती फरक चालेल ते आधी लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या अंकापासून फरक असेल तर बहुधा दोन थ्रेड एकाच चलावर एकदम लिहिताहेत. जीसीसीमध्ये थ्रेड सॅनिटायझर लावून तपासता येतं, पण तो ओपनएमपीबरोबर खोट्या तक्रारीही करतो. त्यामुळे तक्रार वाचून मगच ठरवा.

एमपीआयचा प्रोग्राम छोट्या डेटावर चालतो, मोठ्यावर अडकून पडतो.

दोन्ही प्रोसेस आधी पाठवताहेत आणि नंतर घेताहेत. निरोप छोटा असला की एमपीआय तो आपल्याकडे ठेवून घेतं आणि पाठवणारा मोकळा होतो. ठरावीक आकाराच्या वर ते समोरचा घ्यायला तयार होईपर्यंत थांबतं. समोरचाही पाठवायला थांबलेला असतो. एमपीआय_सेंडरिसीव्ह वापरा, किंवा न थांबणारी पाठवणी-स्वीकार करून शेवटी एकदम वाट बघा.

ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

लगेच नको. गुगल कोलॅबवर मर्यादित वेळेसाठी फुकट कार्ड मिळतं, बहुधा टी४. कूडा, म्हणजे अशा कार्डांसाठी प्रोग्राम लिहायची पद्धत, शिकायला ते पुरतं. मात्र अशा कार्डांवर दुहेरी अचूकतेचा वेग एकेरीच्या १/३२ असतो. भौतिकशास्त्राचे प्रोग्राम बहुतेक दुहेरी अचूकता मागतात. शिवाय डेटा कार्डापर्यंत नेणारी वाट अरुंद असते, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट. दोन अ‍ॅरेंची नुसती बेरीज करायला डेटा तिकडे नेऊन परत आणला तर साध्या प्रोसेसरपेक्षाही हळू होतं. एकदा नेलेल्या डेटावर भरपूर काम असेल तरच कार्डाचा फायदा.

मोठ्या यंत्रावर हात कधी मिळतो?

विद्यार्थ्याला स्वतःच्या नावावर थेट खातं सहसा मिळत नाही, मार्गदर्शक किंवा संस्थेमार्फत मिळतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बनवला. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये सुरू झालं, त्यातून २०१९ मध्ये बीएचयूच्या आयआयटीत परम शिवाय आला, पुढे पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म, २०२२ मध्ये बंगळुरूच्या आयआयएस्सीत परम प्रवेग, आणि २०२४ मध्ये पुणे, दिल्ली, कोलकाता इथे परम रुद्र.

खातं मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. लॉगिन नोडवरच मोठा प्रोग्राम चालवतात. तो नोड सगळ्यांचा आहे, प्रशासक प्रोग्राम बंद करतो, कधी खातंही. ४ नोड मागतात आणि प्रोग्राम नुसता ओपनएमपीचा असतो. तो एकाच नोडवर चालतो, तीन रिकामे बसतात, आणि हिशोब चारांचा लागतो. ४८ कोअरच्या नोडवर ४८ एमपीआय प्रोसेस टाकतात आणि थ्रेडची संख्या ठरवायची विसरतात. मग प्रत्येक प्रोसेस ४८ थ्रेड काढू शकते: २३०४ थ्रेड, ४८ कोअरवर. स्लर्मला (कामं रांगेत लावणाऱ्या प्रोग्रामला) वेळ सांगताना अंदाजाच्या दीडपट सांगा. कमी सांगितला तर धाव अर्ध्यात कापली जाते, फार जास्त सांगितला तर रांगेत मागे पडता.

याचा आपल्या भागाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. रावेर-यावलच्या केळीला मे-जूनच्या वादळाचा मोठा धोका असतो. हवामानाचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून चालतं. १२ किलोमीटरच्या चौकोनात १४४ चौरस किलोमीटर एका आकड्यात बसतात. सातपुड्याचा पायथा ते तापीचा काठ एवढ्या पट्ट्यात असे जेमतेम दोनेक चौकोन येतात. मे २०२५ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ६ किलोमीटरच्या चौकोनांसह कार्यान्वित झाली. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि गणित स्थिर राहावं म्हणून काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम आठपट, आणि अंदाज मात्र वादळाच्या आधीच हातात हवा. ते आठपट काम त्याच वेळेत बसवणं हे समांतर संगणनाचं काम.

त्यातला एक छोटा प्रश्न बघा. ४००० × ४००० ची जाळी १६ प्रोसेसमध्ये आडव्या पट्ट्यांनी वाटली तर मधल्या प्रत्येकीला शेजाऱ्यांशी ८००० घटकांची देवाणघेवाण करावी लागते. ४ × ४ चौकटींनी वाटली तर फार तर ४०००. पण पट्टीला दोन शेजारी असतात आणि चौकटीला चार, म्हणजे निरोप दुप्पट. जाळी लहान असेल तर निरोप सुरू करण्याचा खर्चच जड होतो आणि पट्ट्या जिंकतात. हा बदल नेमका कोणत्या आकाराला होतो ते आपल्या क्लस्टरवर मोजणं हा एमएस्सीचा चांगला प्रकल्प आहे.

शिक्षण मराठीत झालं. अडचण येईल का?

शोधनिबंध इंग्रजीत वाचावे-लिहावे लागतात, त्याला सहा महिने द्या. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे रेषीय बीजगणित, संख्यात्मक पद्धती आणि संगणकाची रचना हे तीन विषय परीक्षेपुरते झालेले असणं. ते पुन्हा करा.

पदवी, परीक्षा आणि पैसे कसे असतात?

नेहमीचा रस्ता गेटमधून एमटेक, मग पीएचडी. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो, मात्र आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,०००, शिवाय घरभाडं. आधी कामाचा हात बसवायचा असेल तर सी-डॅकचे पदविका अभ्यासक्रम आहेत, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून.

घरच्यांना आधीच सांगा: पीएचडीला चार ते सहा वर्षं लागतात आणि पहिल्या वर्षी दाखवण्यासारखं फार काही नसतं.

शोधनिबंध कुठे पाठवायचे?

एससी, आयपीडीपीएस, पीपीओपीपी, आयसीपीपी या परिषदा, टीपीडीएस आणि जेपीडीसी ही नियतकालिकं. भारतात दर डिसेंबरला हायपीसी परिषद भरते. तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळी सत्रं असतात, सुरुवात तिथून करा. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागू नका. पुढे मुलाखतीत ते निबंध नुकसानच करतात.

पुढे नोकऱ्या कुठे?

सी-डॅक, आयआयटीएम, भाभा अणुसंशोधन केंद्र, इस्रो, विद्यापीठं, आणि पुणे-बंगळुरूतल्या चिप व ग्राफिक्स कार्डांच्या कंपन्या.

मार्गदर्शकाला पहिला ईमेल कसा लिहू?

अर्ध्या पानाचा. 'मला एचपीसीची आवड आहे' हे वाक्य त्यांना रोज येतं, ते गाळा. त्यांचा एक निबंध वाचून त्यातला एखादा आलेख स्वतःच्या मशीनवर पुन्हा काढून बघा आणि तो जोडा. खाली लिहा: प्रोसेसरचं नाव, कोअर किती, रॅम किती पट्ट्यांत, कंपायलरची आवृत्ती आणि दिलेले पर्याय, किती धावा, मध्यक, कमाल-किमान. आकडे जुळले नसतील तर तसंच लिहा, कारणाचा तुमचा अंदाज एका वाक्यात द्या आणि कोड गिटवर ठेवून दुवा द्या. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग पुढच्या प्राध्यापकांकडे वळा.